दोन्हीकडचे सात-सात आजोबा

३ सप्टेंबर
...आणि वर मलाच म्हणते उधळ्या. बॅनर छापायचं दुकान तिचं, चित्रं काढणारी यंत्रं तिच्या कॉम्प्युटरवर, दर महिन्याला पैसे कापले जातात तिच्या खात्यातून, आणि दोष माझा. रौशन-आपाय म्हणायला ताई, पण मालकीण आहे म्हणून गप्प बसलो. मनात मात्र बरंच बोललो.

यंत्रं दोन आहेत. काय हवं ते लिहायचं, चित्र काढून देतात. एकाला मी सावकार म्हणतो, सारखा पैसे मागतो म्हणून. दुसरा मास्तर, काहीही सांगा, आधी उलट प्रश्न. आता तिसरं निघालंय, किरान. पहिला महिना फुकट. तिघांची परीक्षा घेणार आहे. आठवीत मला नापास करणाऱ्यांनी येऊन बघावं परीक्षा कशी घेतात.

४ सप्टेंबर
तिघांना एकच वाक्य: म्हातारा, घोडा, डोंगर, लोकरीची टोपी. सावकाराचा म्हातारा सिनेमातला हिरो, दात पांढरेशुभ्र. मास्तरने विचारलं, कोणत्या काळातला, कोणत्या टोळीचा, घोड्याचा रंग काय. मी चहा प्यायला निघून गेलो. किरानने चुटकीसरशी काढला. बारीक डोळे, नाकाजवळ चामखीळ. हुबेहूब माझे आजोबा. (आजोबांना मी पाहिलेलं नाही. फोटोही नाही.)
मार्क: किरान दहा, सावकार सहा, मास्तर चार.

७ सप्टेंबर, दुपार
आयडिया. इथले कझाक काय, आम्ही किर्गिझ काय, सात पूर्वजांची नावं पाठ नसली तर माणसात धरत नाहीत. सोयरीक जमवताना दोन्ही बाजू नावं म्हणून दाखवतात. सात पिढ्यांत एक जरी पूर्वज दोघांचा निघाला तर लग्न मोडलं. नावं सगळ्यांकडे आहेत. चेहरे कुणाकडे आहेत? चेहरे मी देणार. अख्खं अल्माटी शहर पडलंय, आणि लग्नं तर दर शनिवारी.

आईला लगेच फोन करून सांगितलं: ऑक्टोबरात गाय, वासरासकट. मला इकडे पाठवायला तिने घरची गाय विकली, तेव्हापासून ती शेजारणीकडून दूध आणते आणि सोबत टोमणेही आणते. इकडच्या हिशेबाने गाय साडेचार लाख तेंगे. आई म्हणाली, इरिसबेक, मागच्या वर्षीही गायच होती, त्याआधी ट्रॅक्टर होता. तिला धंद्यातलं कळत नाही.

१५ सप्टेंबर
गिऱ्हाईक! मुलाचे वडील ओरिनबासार-आगा, लॉऱ्यांचे मालक. ते आले म्हटल्यावर मुलीचे वडील सापारगाली-आगा मागे राहतात थोडेच. दोन्हीकडचे सात-सात आजोबा, सोयरिकीच्या जेवणाला, हॉलच्या समोरासमोरच्या भिंतींवर. ओरिनबासार-आगांनी विचारलं, यंत्राला तोंड कसं कळणार? म्हटलं, नावावरून ओढून काढतं. खोटं नाही. नाव मी लिहितोच ना.
माझा वाटा धरून गाईचे मागचे दोन पाय झाले.

१९ सप्टेंबर
आपाय म्हणाली, तिन्ही यंत्रांकडून काढून घे आणि शेजारी शेजारी ठेवून बघ. कालचा पोरगा समजते मला. एकेक चित्र स्वतः तपासलं. चौदा माणसं, चौदा टोप्या, एकही टोपी दोनदा नाही. किरानला दहापैकी अकरा. आपायला पटवून सावकार आणि मास्तर दोघांना बंद करायला लावलं. उधळ्या कोण, ते कळेल आता.

२७ सप्टेंबर
काल जे झालं त्यात माझी चूक नव्हती, हे आधी लिहून ठेवतो.

छपाई झकास होती, आपाय आणि मीच जाऊन भिंतींवर लावली. मटण आलं, सगळे बसले. मुलाची आजी, बातिमा नाव, चष्मा लावून मुलीकडच्या भिंतीसमोर उभी राहिली. मग स्वतःच्या भिंतीसमोर. मग परत तिकडे. म्हणाली, "आमचा चौथा यांच्याकडे सातवा कसा?"
सगळ्यांच्या माना वळल्या. एकाला चामखीळ दिसली. मग दुसऱ्याला दुसरी. चौदाच्या चौदा मोजून झाल्या.

सापारगाली-आगांनी घाईघाईने नावं म्हटली, ओरिनबासार-आगांनीही. एकही जुळेना. मला हायसं वाटलं. पण आजी म्हणाली, "नावाचं काय, पोटासाठी माणूस चार नावं लावतो. तोंड कुठे बदलणार?"
मुलगी रडायला आली. मुलाने हातातला घास ताटात ठेवला तो ठेवलाच. सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण नावावरून तोंड काढणारा मीच. मी परीक्षकाला शोभेल असा ताठ उभा राहिलो. दार लांब होतं हेही कारण असेल.

आपायने माझा मोबाईल हिसकावून घेतला. ओरिनबासार-आगांचा ड्रायव्हर विक्टर मूळचा जर्मन. त्याला आजोबांचं नाव विचारलं आणि किरानला दिलं. निघाला: बारीक डोळे, लोकरीची टोपी, चामखीळ. विक्टर मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, नाक आमच्यासारखं आहे.

आजी हसायलाच लागली. "हा तर गावाचा आजा निघाला. याचं मनावर घेतलं तर अल्माटीत कुणाचंच लग्न व्हायचं नाही." मग काय, सोयरीक जमली आणि लोक रांग लावून आपापला आजोबा काढून घेऊ लागले. किरान लोकांना आवडला, याचीही नोंद व्हावी.

५ ऑक्टोबर
पगार. दोन्हीकडचे पैसे परत गेले. चौदा आजोबा नव्याने काढून द्यायचे, सावकार आणि मास्तर पुन्हा चालू, सगळं माझ्या पगारातून. आपाय ओरडली असती तर उलट बोलता आलं असतं. तिने नुसता हिशेब समोर ठेवला. किरानचा फुकट महिना संपला, आता तोही मागतो. मास्तरचे प्रश्न संपत नाहीत, पण आता उत्तरं देतो. मार्क बदलायचे का, ते नंतर बघू.

आईचा फोन आला. गाईचं तिने विचारलंच नाही. थंडी पडलीय, जेवतोस ना, एवढंच. शेवटी मीच विषय काढला. म्हटलं, गाय आणायच्या आधी दोरी चांगली लागते, लोक इथेच चुकतात. ती म्हणाली, बरं.
दोरीचे पाठवतोय. अकरा हजार तेंगे.