मुसळीचं फूल

मंगळवार, आषाढ

आज दूध सोसायटीचा सेक्रेटरी आपणहून माझ्या शेळ्यांपाशी आला. हातात पिवळं फूल. “हे कशाचं बे?”

मी खुळ्यासारखं सांगून बसलो, “काळी मुसळी हाय की.”

“कुठं उगवती?”

तिथं जीभ आवरली. दुष्काळ म्हणून सोसायटीनं यंदा कुरण बंद केलंय, आन मुसळी उरलीय ती फक्त त्या कुरणात. जागा सांगितली असती, तर शेळ्या आत घातल्या असं माझ्याच तोंडून वदवलं असतं. “लहानपणी पाह्यलतं,” म्हणलो. नुसता हसला आन गेला. पटलं का त्याला? न्हाई वाटत.

पण फूल लई ताजं होतं. मुसळीचं फूल खुडलं की घडीभरात मान टाकतं. मग यानं खुडलं कधी? कुरणाच्या फाटकाची किल्ली त्याच्याचकडं असती. आन एवढ्या दुष्काळात त्याच्याच म्हशी कशा भरल्या कासेच्या?

आता आठवतंय. तो वळला तवा पायजम्याला गुडघ्यापस्तोर वाळल्या गवताची कुसळं होती. बाहेरच्या माळावर तर गवताची काडी न्हाई.

माझ्या डोळ्यात मुसळी हुडकायला आलता, आन कुसळं त्याच्याच पायजम्याला!