अकरा की बारा

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता बाजूला टाकणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण जरा थांब. हे भांडणाचं पत्र नाही, कॉम्प्युटरचं आहे. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचतेस आणि गप्प बसतेस, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसले. आपल्या नकाशांच्या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर बदलायचे ठरलेत, आणि कुठले घ्यायचे ते ठरवायचं काम साहेबांनी कुणाच्या गळ्यात मारलं असेल? माझ्या! जिला आपण सेव्ह केलेली फाइल दुसऱ्या दिवशी सापडत नाही, तिच्या! वीस तारखेला फॉर्म द्यायचाय. चुकले तर ती चूक सगळ्यांना आठ-दहा वर्षं वापरत बसावी लागेल. त्यात तुझ्या जागेचाही प्रश्न गुंतलाय, तो ओघात सांगतेच.

झालं असं, की तू रजेचा अर्ज आपटून गेलीस त्यानंतर महिनाभरात तो कपाटाएवढा प्रिंटर आला. तो आल्यापासून आठवड्यातून दोनदा तरी फ्यूज उडतोय. प्रिंटर गुरगुरायला लागला की सगळे एका सुरात सेव्ह, सेव्ह म्हणून ओरडतात, आणि तोवर अंधार. गेल्या महिन्यात नकाशेकाकांचा तळ्याच्या हद्दीचा नकाशा गेला, दीड दिवसाचं काम. काका नुसता चष्मा पुसत बसले गं. मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांना माझ्या वाट्याचा चहा नेऊन दिला, तर म्हणाले, यात साखर नाही. वायरमन येऊन भिंतीला कान लावून गेला. त्याचं म्हणणं, भिंतीतली वायर जुनी आहे, तिला एवढं ओझं पेलत नाही. एक तर भिंत फोडा, नाही तर कमी वीज खाणारे कॉम्प्युटर आणा. इमारतीचा मालक भिंतीला खिळासुद्धा मारू देत नाही, मग फोडायचं कुठलं! म्हणून हे प्रोसेसरचं त्रांगडं माझ्याकडे आलं.

आता माझ्यासमोर दोन कागद आहेत. एकावरचा प्रोसेसर पस्तीस वॅटचा, दुसऱ्यावरचा पासष्टचा. मी म्हटलं, सोपं आहे की, पस्तीस कमी, पस्तीस घ्या. तर विकायला आलेली बाई हसली. ती म्हणाली, हा आकडा म्हणजे तो दिवसभर एवढीच वीज खातो असं नाही, जोरात राबायला लागला की साधारण किती तापेल त्याचा तो अंदाज. म्हणजे मला कळलं ते असं, की कागदावरचा वॅट म्हणजे ताटात वाढलेलं, पोटात गेलेलं नव्हे. बरोबर आहे का? मग तिने कोअर काढले, म्हणजे एकाच प्रोसेसरच्या आत राबणारे वेगवेगळे भाग. याला सहा, त्याला आठ. मी विचारलं, जास्त कोअर म्हणजे जास्त खाणारी तोंडं ना? ती म्हणाली, तसंही म्हणता येईल आणि नाहीही. आता यावर माणसाने काय करावं? काका म्हणतात, मोठा नकाशा उघडायला ताकद लागते, पासष्टच घ्या. वायरमन म्हणतो पस्तीस. साहेब म्हणतात, तुम्ही घ्याल तो निर्णय. मी सकाळी पस्तीसवर येते, जेवणानंतर पासष्टवर जाते. काल तर बसमध्ये कंडक्टरने किती म्हणून विचारलं, तर मी पस्तीस म्हणाले.

अशा वेळी तुझी आठवण येणारच ना. आठवतंय, मला मेमरी म्हणजे काय ते कळत नव्हतं, तेव्हा तू माझं टेबल आवरून दाखवलं होतंस? हे टेबल म्हणजे मेमरी आणि मागचं कपाट म्हणजे डिस्क, आणि तायडे, तू सगळं टेबलावरच ठेवतेस म्हणून हळू चालतेस. त्या दिवशी किती हसलो होतो. आणि मग तो दुसरा दिवस. मी जुना नकाशा नवा म्हणून पाठवला, तू सगळ्यांसमोर ते दाखवून दिलंस, आणि माझं डोकं फिरलं. चूक माझी होती. तू पाठवण्याआधी दोनदा बजावलं होतंस. तरी मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, तू नसलीस म्हणून या ऑफिसचं काही अडणार नाही. तू अर्ज लिहिलास, पाण्याची बाटली उचललीस आणि आईकडे निघून गेलीस. सात महिने झाले. आई फोनवर सांगते, बरी आहे, जेवते, झोपते, आणि मग दोघीही हवेबद्दल बोलतो.

आता खरी गंमत ऐक, म्हणजे मला हसू येत नाहीये, तुला येईल कदाचित. मागच्या आठवड्यात वायरमनने वीज मोजायचे छोटे मीटर आणले आणि प्रत्येक कॉम्प्युटर दिवसभर एकेका मीटरला जोडून ठेवला. सगळ्यांचे आकडे आले. मग तो सगळ्यांसमोर म्हणाला, त्या खिडकीजवळच्या टेबलावर कुणीच बसत नाही, पण तो कॉम्प्युटर सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत चालू असतो. काम शून्य आणि खातो नव्वद वॅट. तो बंद असेल तर प्रिंटर आणि बाकीचे अकरा या वायरवर निभावतील, फ्यूज उडणार नाही. कोण लावतं तो? सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मी खाली बघून पंचिंग मशीनमधल्या कागदाच्या टिकल्या काढत बसले.

धाकटे, मी लावते. मी सगळ्यांच्या आधी येते, कुलूप उघडते आणि पहिल्यांदा तुझा कॉम्प्युटर सुरू करते. त्याच्या पंख्याची ती घरघर, जिच्यावरून मी तुला इतकी बोलायचे, ती ऐकू आली नाही तर मला कामच सुचत नाही. स्क्रीन बंद ठेवते, म्हणजे कुणाला कळत नाही. तो प्रिंटर आल्यापासून सगळ्यांचं काम बुडवत होते ती मीच! काकांचं तळं मी घालवलं! दुसऱ्या दिवशी काकांना एकट्याला गाठून सांगून टाकलं. ते म्हणाले, मला वाटलंच होतं, घरघर मलाही ऐकू येते. तेव्हापासून बंद ठेवलाय. आठ दिवसांत फ्यूज एकदाही उडाला नाही, आणि मला त्या खोलीत बसवत नाही.

आता खरं सांगते. प्रोसेसर कालच ठरला. पस्तीसच. विकणाऱ्या बाईने एक नमुना आणून तळ्याचा नकाशा उघडून दाखवला, काकांनी मान डोलावली, विषय संपला. रिकामा असताना तो जेमतेम बारा वॅट घेतो आणि आवाज जवळजवळ करतच नाही. अडलंय ते फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात. एकूण नग. साहेब म्हणाले, जितकी माणसं तितकेच लिहा, आणि ज्या टेबलावर कॉम्प्युटर नसेल ती जागा रद्द होईल. तुझी रजा महिनाअखेरीला संपते. अकरा लिहिलं की तुझी जागा माझ्याच हाताने गेली. बारा लिहिलं आणि तू आली नाहीस, तर तो बिनआवाजाचा डबा रोज माझ्यासमोर असणार. मी चुकले गं. तोंडाने सांगायला हवं होतं, सात महिन्यांपूर्वी, सगळ्यांसमोर. ते तू येशील त्या दिवशी सांगेन, सगळ्यांसमोरच. रकान्यात मी बारा लिहिलंय, पेन्सिलीने. खोडायचं असेल तर वीस तारखेच्या आत ये आणि तुझ्या हाताने खोड, मला ते जमणार नाही.

तुझीच,
तुझ्यावाचून अडलेली
तायडी