कॉपीज : दोन

४ डिसेंबर २००३

ही वही महाड स्टँडवर घेतली त्याला पंधरवडा झाला. रोज उद्या लिहू म्हणायचं आणि भटकायला जायचं, हेच चाललं होतं. रविवारी तर सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यात पाय सोडून अख्खी दुपार घालवली. असो. नोकरी लागली! पोलादपूरला अम्मीला फोन केला, तर म्हणाली, मुसैब, ह्या खेपेस तरी महिनाभर टिक रे बाबा. तिचंही खरं. गोव्यातलं हॉटेल, मुंबईतलं कुरिअर, सगळं अर्ध्यात सोडलंय.

एमआयडीसीत औषधांची कंपनी आहे. कुठली गोळी कशी करायची ते कागदावर असतं. कागद सुधारला की मी प्रिंटरवर नवी प्रत काढायची, खात्यात नेऊन द्यायची आणि जुनी तिथंच ताब्यात घ्यायची. तिच्यावर लाल ‘रद्द’ शिक्का, वहीत नोंद, मग कागद कातरायच्या मशीनमध्ये. आमच्या सरिता मॅडम एकच गोष्ट घोकून घेतात : एका वेळी एकच प्रत खरी. दोन फिरल्या की गोळ्या चुकतात, माणूस मरतो.

९ डिसेंबर

आज माझाच फॉर्म काढला. फोटो, माहिती, नियम, अशी तीन पानं, प्रत्येकाखाली सही. अम्मीला दाखवायला एक जास्त हवा, म्हणून कॉपीजमध्ये दोन टाकलं. मॅडम ओरडल्या, अरे शहाण्या, तुझी पण एकच प्रत! लगेच डिलीट दाबलं. पहिली निघाली होती. दुसरी रांगेत अडकली. स्क्रीनवर नुसतं ‘डिलीटिंग’. प्रिंटर बंद करून चालू केला, नेटवर्कची वायरच उपटली. सकाळपर्यंत जाईल, मॅडम म्हणाल्या.

११ डिसेंबर

गेलं नाही. वायर अजून जमिनीवर पडलीय, तरी दुपारी पान आलं. १/३. माझा फोटो. हनुवटीवर ब्लेडचा काप.

फोटो गेल्या महिन्यातला आहे. काप आज सकाळचा.

कॅन्टीनला गेलो तर साळूमावशी म्हणाल्या, काय रे, पोट हाय का कणगी? आत्ता तर जेवून गेलास! सगळे हसले. मीही हसलो. ताट मिळालं नाही.

१२ डिसेंबर

२/३. माहितीचं पान, खाली सही. माझ्यापेक्षा बरी आहे.

हजेरीवरची माझी सही मॅडमना जुळेना. तीनदा करायला लावली. त्या ताडून बघत होत्या — नव्या पानाशी.

अम्मीला फोन केला. म्हणाली, किती वेळा करतोस, आत्ता तर बोललास. खूश होती. म्हणाली, आज कसा शहाण्यासारखा बोललास, टिकेन म्हणालास. मी म्हटलं, अम्मी, तो मी नव्हतो. तर हसली. मग कोण रे बाबा?

१३ डिसेंबर

पळणं तरी मला येतं. पण सामान घ्यायला आत आलो ती चूक. निघताना गेटवर रावजीकाकांनी अडवलं. जुनी प्रत भायेर जात नाय, म्हणाले. मला वाटलं थट्टा —

हसत नव्हते.

परत येऊन टेबलाशी बसलोय. लिहिलं की हात माझाच वाटतो. प्रिंटर गरम होतोय.

३/३.

रांग रिकामी. ‘डिलीटिंग’ गेलं.

मॅडमनी शिक्क्याचं पॅड उघडलंय. नोंदवही पण. मी हाक मारली, त्यांनी —

गेटवरून फोन. रावजीकाकांचा आवाज इथवर येतोय. मॅडम, तो मुसैब आलाय, वर धाडू काय?

धाडा, म्हणाल्या. जुना इथंच बसलाय, मी घेते ताब्या—