काशीबाई कोण करणार

११ नोव्हेंबर १९८६
काशीबाई गेली! माधवरावांनी सकाळी घरी येऊन, चहा पिऊन मग सांगितलं. चित्रपटातली स्वयंपाकीण काशीबाई आता मी करायची नाही. नायकच लुगडं नेसून काशीबाई होणार आणि नायिकेच्या घरात शिरणार. म्हणजे संपत. मला नायिकेची आई दिली आहे. तिला काम एकच — फसायचं.

"सुनीतीताई, बाईने पदर सावरला तर कोण हसतं?" माधवराव म्हणाले. "पुरुषाने सावरला की लोक थिएटर डोक्यावर घेतात."

दिग्दर्शक बोलणारच. पण अठरा वर्षं नाटकांतून लोकांना हसवते आहे मी. ते म्हणाले ते खोटं नाही, म्हणून जास्त झोंबलं.

१३ नोव्हेंबर
आणखी एक. संपतला नऊवारी नेसवायचं, बाईसारखं चालायला शिकवायचं — तेही मीच. आमचे हे म्हणाले, छान, आता त्याला औक्षणही कर.

१७ नोव्हेंबर
संपत धायरीचा. कारखान्यात होता, गणपतीत नकला करायचा, तिथून इथवर. आज शनिवार पेठेत आमच्याकडे आला. चपला दाराबाहेर अगदी सरळ लावून ठेवल्या.

मी सांगितलं, बाई आधी कमरेतून वळते, मग पाय वळतात. दुसऱ्याच खेपेला जमलं. रंगमंचावर मला ते जमायला दोन वर्षं लागली होती. तुमच्यासारखं येतंय का, असं सारखं विचारत होता. येत होतं. मी म्हटलं, बरं आहे.

२४ नोव्हेंबर
धायरीत शूटिंग, एका दगडी घरात. बाकीचा चित्रपट आधीच झालाय, काशीबाईचे चार दिवस तेवढे उरलेत. सगळं गाव लोटलं होतं. घराच्या मालकीण सोजरबाई तोंडात पदर कोंबून हसत होत्या. संपतने अजून काही केलंच नव्हतं, नुसती नथ सारखी केली होती.

मी त्याच्यासमोर गंभीर चेहऱ्याने उभी. त्याच्या दाढीचे खुंट गावाला दिसतात, मला दिसायचे नाहीत. असल्या चित्रपटांचं सगळं यावरच चालतं — प्रेक्षकाला सगळं ठाऊक, पडद्यावरच्या माणसाला काहीच नाही. मी जितकी खरी फसेन तितका तो विनोदी. कष्ट माझे, हशा त्याचा.

जेवताना सोजरबाईंनी मला विचारलं, "तुमी बी काय काम करता का सिनेमात?"

सकाळपासून त्यांच्या डोळ्यांसमोर उभी होते.

२७ नोव्हेंबर
लिहू की नको. लिहिते.

आज पळण्याचा प्रसंग. खरी स्वयंपाकीण दारात येते आणि खोटी काशीबाई जिन्यावरून पळ काढते. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी संपत जिन्याच्या वरच्या पायरीवर पाठमोरा उभा होता. मी खाली. त्याचा काष्टा ढिला झालेला दिसला मला. दोन बोटांचं काम होतं. त्याने वळून माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. वाटलं, सुटला तर सुटला, जरा फजिती होईल.

तिसऱ्या-चौथ्या पायरीवर काष्टा सुटून पायात आला. दगडी पायऱ्यांवरून तो थेट खाली. गाव हसलं, माधवराव हसले. मीही हसले. त्याला बघून पहिल्यांदाच. तो उठत नव्हता, तरी सगळे थोडा वेळ हसतच होते.

२८ नोव्हेंबर
मांडीचं हाड मोडलं. माधवराव म्हणाले, नशीब, त्याचं काम तेवढंच उरलं होतं.

२० फेब्रुवारी १९८७
चित्रपट लागला. ते पडणं तसंच ठेवलं आहे. असं ठरवून करता येत नाही, असं माधवरावांचं म्हणणं.

आम्ही दोघं बघून आलो. त्या जागी थिएटर दणाणलं. शेजारचे गृहस्थ डोळे पुसत बायकोला सांगत होते, काय पडलाय बघ! माझ्या चेहऱ्यावर कॅमेरा आला तेव्हा ते चणे शोधत होते. बाहेर पडताना ज्याच्या त्याच्या तोंडी संपत.

पाय मोडून घेतला तरी माझ्या वरचढच! हे मनात आलं. आणि लाज वाटली नाही.

५ मार्च
माधवरावांचा नवा चित्रपट. संपत अजून काठी घेऊन चालतो, पळापळ जमायची नाही. तेव्हा या खेपेला बाईलाच बाई करू म्हणाले. मुख्य भूमिका — माझी! लगेच हो म्हटलं. स्वयंपाक करताना गुणगुणत होते. यांनी विचारलं, बरं वाटत नाही का?

८ मार्च
धायरीला संपतला बघायला गेले. त्याची बायको मैना चहा ठेवायला आत गेली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "काष्टा ढिला हाय, ते मला वरच कळलं हुतं, बाई. तुमी बगत हुता, पर काय बोलला न्हाई. म्हटलं, बाईंनी मुद्दाम ठिवलाय, हितं हशा येनार. म्हनून तसाच पळालो. आला की न्हाई हशा?"

आभार मानत होता माझे.