हिरव्या टोपीवर नजर

मंगळवार, ४ फेब्रुवारी

घेतला. घेतला एकदाचा! ड्रोन. खोकं कपाटात, हिवाळ्याच्या रजयांमागे दडवलंय. छाती अशी धडधडतेय की कुणाला वाटेल दुकानातून उचलूनच आणलाय.

डेसला अजून सांगितलेलं नाही. सांगू तरी काय? की पासष्टाव्या वर्षी तुझी बायको उडतं खेळणं घेऊन आली, कारण तू रोज सकाळी पाण्यात उतरलास की तिचा जीव टांगणीला लागतो? नोव्हेंबरात पलीकडच्या किनाऱ्यावर फळी घेऊन लाटांवर खेळणारा तो तरुण शार्कने नेला. त्याची फळी तेवढी सापडली. अर्धी. तेव्हापासून साडेसहा ते सात मी धक्क्यावर उभी राहून पाणी बघते. ऊन नुसतं चकाकतं. खाली काय फिरतंय ते काही दिसत नाही. चपला मोजत बसते — पोहणारे शिडीपाशी आपापल्या चपला ओळीने काढून उतरतात, ही इथली रीत. वर आला की ज्याने त्याने आपला जोड उचलायचा. शेवटचा जोड उचलला जाईपर्यंत मी तिथून हलत नाही.

पोहणं सोड म्हणून सांगून पाहिलं. "सोडतो हं," म्हणाला आणि टॉवेल घेऊन निघाला. चाळीस वर्षं हेच चाललंय.

ही शक्कल सुचली ती पत्रपेटीत पडणाऱ्या जाहिरातींच्या चोपडीमुळे. स्वयंपाकघरात टेबलावर होती, ड्रोनच्या पानाचा कोपरा दुमडलेला. मीच दुमडला असणार. पण आठवत नाही! परवा माझा चष्मा फ्रिजमध्ये सापडला, लोण्याशेजारी. म्हातारी झालीस, ग्लेनिस.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

डेसला खोकं सापडलं. फेब्रुवारीच्या उकाड्यात त्याला रजयांमागे काय हवं होतं, देव जाणे.

"अगं, हे काय? खेळणं?" एवढंच. भांडला नाही. मी भांडणाची जय्यत तयारी करून ठेवली होती, सगळी वाया गेली.

"सकाळी उडव," म्हणाला. "सकाळी वारा पडलेला असतो."

शनिवार, ८ फेब्रुवारी

पहिलं उड्डाण. गावाबाहेरच्या फुटबॉलच्या मैदानावर, कुणी हसायला नको म्हणून. सूचनांची पुस्तिका चौथ्यांदा वाचली, तोवर घाम डोळ्यांत उतरला. छत्तीस अंश होतं!

आमच्या गाडीच्या मागच्या हौद्यात ठेवून उडवला. सुर्रकन वर गेला. पडद्यावर आम्ही दोघं दोन ठिपके. त्यातला टक्कल असलेला डेस. पाच मिनिटांनी सीगल आले, एक, मग चार, त्याच्याभोवती किंचाळत घिरट्या घालायला लागले. मी घाबरून 'घरी परत' दाबलं.

आणि तेवढ्या वेळात डेसने गाडी झाडाच्या सावलीत नेऊन लावली होती! ड्रोन आला तो जिथून उडाला तिथेच. गाडी नाही, हौदा नाही, तरी शहाण्यासारखा बरोब्बर त्या जागी खाली खाली येत राहिला आणि काटेरी गवतात बसला. पंखात ही एवढी कुसळं!

डेस पोट धरधरून हसला. मीही. मग तो एकदम थांबला.

"बिचारं," म्हणाला. "त्याला वाटतंय आपण घरीच आलोय."

कुसळं काढायला तासभर बसला. एकेक.

सोमवार, १० फेब्रुवारी

समुद्रावर पहिल्यांदा. माणसांपासून तीस मीटर लांब ठेवायचा, असा नियम. शिवाय नजरेआड जाऊ द्यायचा नाही. मी सगळे नियम कागदावर लिहून गाडीच्या काचेला चिकटवलेत.

काय दिसतं वरून! पाणी जणू काचेचं. तळाची वाळू, गवताचे काळे पट्टे, सगळं स्वच्छ. पोहणारे सात. धक्क्यापासून पाण्यात तरंगणाऱ्या पिवळ्या बोयापर्यंत जायचं आणि परत. सगळ्यांच्या नारिंगी टोप्या, त्यात माझा कोणता ते कळेना. शार्क नव्हता. एकदाही नव्हता. तीन वेळा खात्री केली.

घरी येऊन कॉफी केली, पण प्यायच्या आधी उद्यासाठी बॅटरी चार्जिंगला लावली. आधी दिसत नव्हतं म्हणून भीती. आता दिसेल म्हणून भीती.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

डेसने हिरवी टोपी घेतली. पोपटी म्हणावी अशी. नोला भडकली — नोला म्हणजे आमच्या पोहणाऱ्यांची सेनापती, जन्मभर नर्स होती, अजूनही सगळ्या गावाला रुग्ण समजते. "डेस, गटाचा रंग नारिंगी आहे! एकाने हिरवी घातली, उद्या दुसरा जांभळी घालेल!"

"दुकानात नारिंगी संपल्या होत्या," डेस म्हणाला.

मला मात्र बरं झालं. वरून आता तो लगेच सापडतो. आणि तो सापडल्यामुळे आणखी एक गोष्ट दिसली — नोलाबाई त्याला फार चिकटून पोहतात. डावीकडे कोस्टा, उजवीकडे नोला, मध्ये माझा नवरा. कोस्टाचं समजू शकते, मासळीतळणीच्या दुकानात दिवसभर एकटा असतो, त्याला बडबडायला माणूस हवं. पण नोला? परत येताना तर सरळ त्याच्या अंगावरच जाते! अडुसष्ट वर्षांची आहे. जरा तरी.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आजचा दिवस आयुष्यातून पुसून टाकता आला तर बरं.

सहा चाळीसला पडद्यावर काळी सावली. लांबट. बोयाच्या पलीकडे. हलत होती — हलत होती, शपथ! हिरव्या टोपीपासून दोन बसगाड्या राहतील इतकं अंतर. मी अशी किंचाळले की हातातलं यंत्र जवळजवळ समुद्रात गेलं. गाडीत धाव घेतली आणि हॉर्नवर दोन्ही हात दाबून धरले.

सातही जण बाहेर. नोलाचा गुडघा शिडीवर आपटला. आणि सावली? शेवाळाचा तराफा. वाहत वाहत आला आणि धक्क्याच्या खांबाला अडकून बसला.

"आण इकडे तुझा शार्क," कोस्टा म्हणाला. "कांदा-लिंबू लावून तळून देतो. बटाटे फुकट!"

"तुला गोळी देऊ का झोपेची?" ही नोला, गुडघा चोळत.

सगळे हसले. डेस नाही हसला. टॉवेल खांद्यावर टाकून माझ्याजवळ आला. "मी दिसत होतो ना पण?" त्याने विचारलं. "पूर्ण वेळ?"

हो म्हटलं. रडू आलं मला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ड्रोनची सगळी रेकॉर्डिंगं पुन्हा काढून बसले. डेस मागे शेडमध्ये होता. कालच्या शेवाळाखाली खरंच काही नव्हतं ना, एवढंच बघायचं होतं. नव्हतं.

पण दुसरंच दिसलं.

जाताना डेस नीट जातो. बोयाला वळसा घालतो. आणि मग धक्क्याकडे तोंड करायच्या ऐवजी उघड्या समुद्राकडे निघतो. सरळ. शांतपणे. जसा काही तिकडेच धक्का आहे. आठ-दहा हात जातो, तोच नोला आडवी येते, खांद्याला स्पर्श करते. तो वळतो. थोडं अंतर जातो, पुन्हा वाकडा. आता कोस्टा बाजूने रेटतो, गुरं हाकल्यासारखा.

दहा तारीख — टोप्या सगळ्या नारिंगी, पण त्यातली एक तशीच वाकडी जाते. बारा — तेच. चौदा, सतरा, एकोणीस. सगळीकडे तेच.

प्रवाह असेल. बोयापाशी प्रवाह असतोच.

मग बाकीचे चार सरळ कसे येतात?

शनिवार, २२ फेब्रुवारी

किल्ल्या चहापत्तीच्या डब्यात. त्या डब्यात मी ठेवलेल्या नाहीत. फ्रिजमधला चष्माही मी ठेवला नव्हता.

बुधवार, २६ फेब्रुवारी

लिहून काढते, नाहीतर झोप लागायची नाही.

नोला गुडघ्याचा फोटो काढायला मोठ्या शहरात, ॲडलेडला गेलेली — माझ्या शार्कने केलेला प्रताप. उन्हाळी सर्दीने बाकीचे चौघं अंथरुणात. आज पाण्यात दोघंच, डेस आणि कोस्टा. मी म्हटलं, आज राहू दे ना. "बोयापर्यंतच जातो गं," म्हणाला. रोज तिथपर्यंतच जातो!

बोयाच्या अलीकडे कोस्टाच्या पोटरीत गोळा आला. पडद्यावर दिसलं, तो उताणा होऊन पाय धरून तरंगत होता. डेसला हाका मारत असणार. डेस पुढे. वळसा घातला आणि निघाला. दक्षिणेकडे. तिकडे किनाराच नाही! तिकडे काहीच नाही!

मी हॉर्न वाजवला. ऐकू गेलं नाही, किंवा गेलं तरी कुठून येतंय ते कळलं नसेल. हिरवा ठिपका लहान होत चालला. एकसारखे हात मारत होता, दमलेला नव्हता, घाबरलेलाही नव्हता. त्या न घाबरण्याचीच मला जास्त भीती वाटली. मासे नाहीत, सावल्या नाहीत, एवढं मोकळं स्वच्छ पाणी, आणि मला त्याच्याइतकी भीती कशाचीच वाटली नव्हती.

तीस मीटरचा नियम गेला खड्ड्यात. ड्रोन थेट त्याच्यासमोर नेला. खाली. आणखी खाली. पंखांच्या वाऱ्याने पाणी थरथरायला लागलं. तो थांबला. मान वर केली. पडद्यावर त्याचा चेहरा माझ्याकडे — पोहायच्या चष्म्याआड डोळे दिसेनात, तोंड किंचित उघडं. मी तोंडाने म्हणत होते, ये, ये रे, इकडे ये. त्याला थोडंच ऐकू येणार!

ड्रोन फिरवला आणि धक्क्याच्या दिशेने हळूहळू मागे आणला. तो पाण्यात उभाच. मग एक हात मारला. दुसरा. आला! माझ्यामागून यायला लागला. बॅटरी लाल झाली. यंत्र टिटिट करून सांगतंय, मी आपला परत जातो. मी 'नको' दाबते, पुन्हा टिटिट, पुन्हा 'नको'. किती वेळा, मोजलं नाही. ड्रोन घाईने परत गेला असता तर डेस मागे राहिला असता. शिडीपाशी कोस्टा एका पायावर लंगडत येऊन वाट बघत होता, त्याने हात देऊन डेसला ओढून घेतलं. मी ड्रोन पायाशीच उतरवला, तो आपोआप बंद झाला.

शिडीपाशी एक जोड राहिला होता. डेसने स्वतः उचलला. मी बघितलं.

"हे मध्येच काय आडवं आलं?" म्हणाला, दम खात.

"मग आलास कशाला त्याच्यामागे?"

"तू उडवत होतीस ना? म्हटलं, तुला दिसत असेल."

कोस्टा माझ्याकडे बघत नव्हता. जमिनीकडे बघत होता.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

नोलाला फोन केला. सरळच विचारलं, हे कधीपासून चाललंय.

"गेल्या ईस्टरपासून," ती म्हणाली. "आधी वाटलं, चष्म्यात पाणी जातंय. मग आम्ही दोघांनी ठरवलं, एकाने इकडून, एकाने तिकडून."

वर्ष होत आलं! आणि नोव्हेंबरपासून मी धक्क्यावर उभी राहून शार्क शोधत होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"चारदा तुझ्या दारापर्यंत आले गं. प्रत्येक वेळी तू चहा ठेवलास आणि शार्कबद्दल बोलायला लागलीस."

डेसला चिकटते म्हटलं होतं मी तिला. वरती लिहिलंय. खोडत नाही, राहू दे तसंच.

"त्याला काही कळलेलं नाही," ती म्हणाली. "त्याला वाटतं आम्ही गप्पा मारायला जवळ येतो. ग्लेनिस, त्याला कळलं ना, तर तो मोडून पडेल. जपून सांग."

शनिवार, १ मार्च

आठवड्याने डॉक्टरची वेळ मिळालीय. माझ्या रक्तदाबासाठी जायचंय, सोबत चल, एवढंच बोलले. "बरं," म्हणाला. धान्याच्या कोठारावर, सायलोवर, तीस वर्षं गव्हाच्या गाड्या मोजल्या या माणसाने, एका पोत्याची चूक नाही. त्याला कोणत्या तोंडाने सांगू की तुला घरची दिशा कळेनाशी झालीय? तो शेडमध्ये गेला तरी मी खिडकीत उभी राहते. भीती समुद्रातून निघून घरात येऊन बसलीय. मला एकटीला कळलंय आणि त्याला नाही, हे सगळ्यात वाईट.

रविवार, २ मार्च

कोस्टाने मासे पाठवले. खवलं गुंडाळायला जुन्या जाहिरातींच्या गठ्ठ्यातून कागद ओढला, तर तीच चोपडी. तेच पान. कोपरा मी दुमडला नव्हता. दुमड उलगडली, तर आतल्या समासात पेन्सिलीने, डेस सायलोवर पाट्या लिहायचा तसल्या ठळक अक्षरांत, सवयीप्रमाणे वर तारीख टाकून —

'२८ जानेवारी. वरून माणूस ओळखू येतो का, विचारणे. नसेल तर वेगळ्या रंगाची टोपी. ग्लेनिसला आपणहून सुचू द्यावे.'