आवाज तोच हवा

६ नोव्हेंबर, गुरुवार

चि. भुंग्यास,

दादाचे आशीर्वाद. तू आणि तुझ्या घरची मंडळी खुशाल असाल असं धरून चालतो. इकडे थंडी पडू लागली आहे. दुकानाचं शटर पुन्हा अडकतंय. रोज सकाळी देवाचं नाव घेऊन एक लाथ घालतो, मग वर जातं. दोन्हींपैकी कशाने जातं ते त्यालाच ठाऊक.

आधी आनंदाची बातमी. अंध कर्मचाऱ्यांच्या संघटनेने आपली कॉम्प्युटरची सिस्टीम त्यांच्या सगळ्या शाखांसाठी मागितली आहे. अध्यक्ष स्वतः आले होते. काठी दाराला टेकवून बसले आणि म्हणाले, "बाकीच्या सिस्टीम दर महिन्याला घरातलं सामान हलवतात हो. आम्ही ठेचकाळतो. तुमच्या सिस्टीममध्ये काल जे जिथे होतं, ते आज तिथेच सापडतं." लेकीला अखेर चांगल्या घरची मागणी आली म्हण.

अट एकच. नव्या मशीनवर आवाज फार खरखरतो, तेवढा नव्याने भरून द्यायचा. "पण आवाज तोच हवा," असं ते दोनदा बजावून गेले. त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही.

हे सगळं सुरू झालं तो दिवस मला हल्ली फार आठवतो. हॉस्पिटलच्या हिशेब खात्यात मी साहेबांना तू लिहिलेली सिस्टीम समजावत होतो. कॉम्प्युटर चालू केला की सगळ्यात आधी जी उठते आणि मग बाकीच्यांना कामाला लावते ती ही, घरातल्या कर्त्या बाईसारखी. साहेब हसले. "चित्रं नाहीत, माऊस नाही, नुसती काळी पाटी! हिला घेणार कोण?" शेजारच्या टेबलावर टेलिफोन ऑपरेटर बाई बसल्या होत्या. कानाला टेलिफोनचं यंत्र लावलेलं, तरी आमचं सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "काळी असो नाहीतर गोरी, मला कुठे दिसतेय? ती बोलते का, ते सांगा."

बोलत नव्हती. तू बोलती केलीस. आईला कपाटाच्या खोलीत गोधड्यांच्या मध्ये बसवून तू तिच्याकडून बाराखडी म्हणून घेतलीस. पहिलीचा वर्ग असल्यासारखी ती ठणकावून म्हणत गेली. मध्येच थांबून तुला म्हणाली, "नीट बस. पाठीला पोक येईल." तेही भरलं गेलं आणि ते काढून टाकताना तू पोट धरून हसलास. त्या बाराखडीतून अक्षरं जुळवून मशीन कुठलाही शब्द आईच्या आवाजात म्हणू लागलं. थोडं अडखळत, पण स्वच्छ.

पुढे ऑपरेटर बाईंच्या ओळखीने एकेक गिऱ्हाईक मिळत गेलं. सगळी न दिसणारी. मला वाटलं, देवाने जागा दाखवली. तुला वाटलं, मी तुझी सिस्टीम कोपऱ्यात नेऊन बसवली. "मी ती सगळ्या जगासाठी केली होती दादा, तू आंधळ्यांचं दुकान काढलंस," म्हणालास आणि मोठ्या कंपनीत गेलास. त्या शब्दाचा राग मी धरला नाही. तू अजूनही सिस्टीमच्या दुरुस्त्या वेळेवर पाठवतोस. हल्ली सोबत एक ओळ नसते, याचं मात्र वाईट वाटतं.

आवाज खरखरतो ही तक्रार आज आलेली नाही. दोन वर्षांपूर्वी तूच कळवलं होतंस की चांगला माईक पाठवतो, आईला बसव, बाकीचं मी इथून करतो. मी लिहिलं, तू आलास की करू. गेल्या वर्षीही तेच लिहिलं. खरं सांगू? ते काम मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. कधीतरी कामासाठी तरी तुला यावं लागेल, एवढाच हिशेब. आईही त्यात सामील. "त्याच्यासमोरच बसेन, तुझ्या त्या डबड्यासमोर बसून मला अवघडल्यासारखं होतं," म्हणायची. आम्ही दोघं मायलेक असे जाळं लावून बसलो होतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काल पत्र इथेच सोडून उठलो. सकाळी हात जोडून बसलो, तेव्हा मनात आलं, देवापुढे खोटं बोलत नाही आणि भावापुढे गप्प बसतो, यात फरक तो काय. तेव्हा लिहितो.

आईचा आवाज गेला आहे. श्रावण संपता संपता तिला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टर म्हणतात, तिला सगळं कळतं, शब्द डोक्यात शाबूत आहेत, पण जिभेला ते वळवता येत नाहीत. तुला लगेच कळवायला हवं होतं. फोन हातात घ्यायचो आणि वाटायचं, चार दिवसांत बोलू लागेल, मग तीच सांगेल. ती बोलू लागली नाही.

ही बातमी ऑपरेटर बाईंना कळली तशा त्या काठी टेकत घरी आल्या. मला म्हणाल्या, "अहो, आजींचा आवाज आमच्या घरी रोज बोलतो आणि त्यांच्याच घरी त्या मुक्या? आणा ते मशीन इकडे." आईच्या मांडीवर पाट ठेवला, त्यावर कीबोर्ड. बाई तिचा डावा हात धरून एकेक बटण शिकवायला लागल्या. आई वाकून वाकून बघायची. बाई ओरडायच्या, "आजी, बघू नका! बघितलं की चुकतं!" आई हसली रे. तोंड वाकडं होतं, पण हसली.

पहिलं वाक्य जुळायला बराच वेळ लागला. मशीन बोललं, "पंखा कमी कर." आईचाच आवाज, धडधाकट होती तेव्हाचा. मी पंखा बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. तिने स्वतःही तो ऐकला आणि नंतर दोन दिवस कीबोर्डला हात लावला नाही. मग हळूहळू सरावली. आता माझ्यावर ओरडतेसुद्धा. कालच "दाढी कर, भिकाऱ्यासारखा दिसतोस" असं सगळ्यांसमोर बोलली.

संघटनेची गोष्ट तिला सांगावी की नाही, ठरत नव्हतं. आज दुपारी सांगितली. म्हटलं, त्यांना तुझाच आवाज हवाय, मी नकार कळवतो. तिने कीबोर्ड जवळ ओढला. मग एका बोटाने टाइप करत गेली आणि मशीनमधून तिचाच आवाज आला, "दुसरीचा घ्या. माझ्यासाठी लोकांचं अडवू नका." आणि शेजारी बसलेल्या ऑपरेटर बाईंच्या हातावर हात ठेवला.

बाई गडबडल्या. "माझा? मी तर दिवसभर 'थांबा, जोडून देते' एवढंच म्हणते हो!" आईने टाइप केलं, "मी शिकवीन."

तेव्हा ठरलं. मी अध्यक्षांना होकार कळवला, आवाज का बदलेल हेही सांगितलं. त्यांनी आईची सगळी विचारपूस केली. मग म्हणाले, "आईंना नमस्कार सांगा." सोमवारपासून बाई बसणार आहेत. माईक इथेच मिळाला, जोडणी तुझ्या जुन्या चिठ्ठ्या वाचून मला जमली. तुझ्यावाचून अडलं असं काहीही राहिलेलं नाही. आमचं जाळं आम्हीच गुंडाळलं.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका केव्हाही येऊ शकतो, आणि तो डाव्या हातावरही येऊ शकतो. ती रोज संध्याकाळी तुझं विचारते. मी म्हणतो, कामात असेल. त्यावर ती काही टाइप करत नाही. हात नुसता कीबोर्डवर ठेवून बसते.

भुंग्या, तुला बोलवायला माझ्याकडे आता कसलंही निमित्त नाही. तरी ये.

आईच्या खोलीतून,
तुझा दादा