एका दिवसाची सावड

डॉर्टमुंड, जर्मनी
८ जून २०२५

ती. आईस, भाग्यश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू 'जेवलीस का' विचारतेस नि ठेवतेस, म्हणून हे कागदावर. आमच्या वृद्धाश्रमात लादी पुसणारी एक बाई आहे. तिची दहा वर्षांची मुलगी गणितात पक्की, पण चौथीनंतर कॉलेजपर्यंत नेणाऱ्या वरच्या शाळेसाठी तिच्या शाळेनं तिचं नाव सुचवलंच नाही. घरी अभ्यास घेणारं कोणी नाही म्हणे! आमच्या डॉक्टरांचा ढ मुलगा मात्र गेला. एवढ्या पैसेवाल्या देशात असं का, ह्यावर इथे जाडजूड पुस्तकं आहेत.

मला आपली वाडीवरची जना आठवली. दहावीला मार्कांत माझ्या पुढे होती, तरी तिथेच थांबली. तिला शाळेची आवडच नव्हती ना गं? तूच म्हणायचीस.

बाबांना नमस्कार. माया आहे तशी ठेव.
तुझी भागी

कळंब
९ जुलै २०२५

चि. भाग्यश्रीस अ. उ. आ.

पुस्तकं राहू देत. जनाचं कारण मला ठाऊक हाय, कारण ते मीच.

अकरावीच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. बाबा तुला घेऊन कर्जतला गेले. लावणीला माणूस कमी, म्हणून मी जनाला सावडीनं बोलावलं. आज तिनं आमच्या शेतात राबायचं, उद्या मी तिच्या. ती भीत भीत म्हणाली, काकी, मला पण जायचंय. मी म्हटलं, उद्या जा, एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय! दुसऱ्या दिवशी प्रवेश बंद. आणि मी सावड फेडायला वाडीवर कधी गेलेच नाय. तिला आवड नाय, हे मीच उठवलं. सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं.

आज जना दारावरून जाताना म्हणाली, उद्या लेकीला, हर्षलाला, घरी ठेवते, लावणीला माणूस नाय. नवऱ्याला साजगावच्या कारखान्यात रजा मिळत नाय. आणि हर्षलाच्या अकरावीच्या प्रवेशाचा उद्याच शेवटचा दिवस!

उद्या मी जातेय. गुडघे बोंबलतील, तुझे बाबापण बोंबलतील. बोंबलू देत.

रागावलीस तरी पत्र टाक.
तुझी आई

वाडीवरून
२१ जुलै २०२५

भागी, जनाचा रामराम.

पत्ता काकीकडून घेतला. त्या दिवशी सकाळीच काकी पदर खोचून माझ्या भाताच्या तुकड्यात उतरली. मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं! हर्षलाला हाकलूनच दिलं तिनं कर्जतला. मग चिखलात उभ्या उभ्या रडत सगळं सांगितलं. मला काय नवीन होतं त्यात? मीच होते ना तिथं. राग होता, अजून हाय. पण काकी दिवसभर वाकली, हटली नाय. ओळी मात्र सगळ्या वाकड्या!

हर्षलाचा प्रवेश झाला. दप्तर नवीन हवंय म्हणते, सटवी.

निघताना काकीनं विचारलं, जना, फिटली का गं सावड? मी म्हटलं, एका दिवसाची होती, फिटली. शाळा सुटली त्या वीस वर्षांचं तिनं विचारलं नाय.

गावी आलीस की वर वाडीवर ये. ओळख ठेव.
तुझी जना